पऱ्हाटीच्या कोळशाचा हिशेब



कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर दर चार-दोन वर्षांनी एक नवा वैद्य येऊन उभा राहतो. त्याच्या पिशवीत कधी टॉनिकची बाटली असते, कधी जिवाणूंचे पाकीट असते, कधी दाणेदार काहीतरी असते. आता त्या पिशवीत कोळसा आला आहे. त्याचे नाव बायोचार. हा कोळसा जमिनीत घातला की कपाशीची मर थांबते, ज्वारीचा खडखड्या जातो, जमिनीचा कस वाढतो आणि वर कार्बनचे पैसेही मिळतात, असे सांगितले जाते. बैठकांमधून आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: यात तथ्य किती?

आमचे उत्तर सरळ आहे. कोळशात गुण आहे, पण गोण्या विकत आणून शेतभर फेकणाऱ्याच्या पदरात तो पडणार नाही. बांधावर आपण नाहीतरी पेटवतोच त्या पऱ्हाटीचा कोळसा करावा, शेणखतात मुरवावा आणि बियाण्याच्या खड्ड्यात मूठभर घालून अजमावून पाहावा. याहून जास्त कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे हिशेब मागावा. आमचा हिशेब खाली मांडला आहे.

आधी रोग ओळखा

ज्वारीचे कणीस भरत असताना ताट पिवळे पडते, वाऱ्याच्या एका झुळुकीने मोडून लोळते, धांडा चिरून पाहिला तर आत पोकळ, आणि उभ्या तंतूंवर कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे काळे कण. हा खडखड्या. शास्त्रात या रोगाला कोळशाची कूज म्हणतात, ती या काळ्या कणांमुळे. ते कण म्हणजे मॅक्रोफोमिना फॅसिओलिना नावाच्या बुरशीचे बी समजा. कपाशीत ठिकठिकाणी गोल पट्टे वाळतात, झाड हाताने ओढले की अलगद उपटून येते, मुळाची साल सोलून चिंध्या होते. ही मूळकुज. ती करणाऱ्या बुरशीचे जुने नाव रायझोक्टोनिया बटाटिकोला. हरभऱ्याची कोरडी मूळकुज होते, तीही हिच्यामुळेच.

नावे दोन असली तरी बुरशी एकच आहे. ज्वारी, कपाशी, हरभरा, तूर, सोयाबीन, तीळ, करडई, भुईमूग, सगळ्यांवर ती जगते. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती तिला चालतात. तिचे काळे कण जमिनीत आणि धसकटात काही वर्षे जिवंत राहतात. म्हणून कपाशीनंतर हरभरा घेतला आणि पीक बदलले, आता रोग सुटला, असे समजण्यात अर्थ नाही. पीक बदलले तरी बुरशीचे ताट वाढलेलेच राहते.

कपाशीची आणखी एक मर आहे, ती वेगळी. पावसाने महिनाभर ओढ दिलेली असते, मग एका रात्रीत धो धो पडतो, रानात पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी बोंडांनी लदलेली झाडे माना टाकतात. मुळे उपटून पाहिली तर पांढरी, धडधाकट. ही आकस्मिक मर. हिच्यामागे बुरशी नाही. साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवणे हाच पहिला उपाय. या मरीसाठी कोणी तुम्हाला कोळसा विकला, तर त्याने तुमचे झाड उपटून पाहिलेले नाही एवढे नक्की.

कोळसा काय करतो

काडीकचरा मोकळ्या हवेत जाळला की राख होते. हवा कोंडून भाजला की कोळसा होतो. राख पाण्याबरोबर जाते. कोळसा शेकडो वर्षे मातीत टिकतो. ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडे, खापऱ्या आणि घरचा केरकचरा घालून घडवलेल्या काळ्या मातीचे पट्टे आजही सुपीक आहेत. त्यातले काही दोन हजार वर्षांहून जुने आहेत. आपल्या कोकणात भाताच्या रोपवाटिकेला राब भाजतात. तिथे मुख्य काम धगीचे असते: वरच्या थरातले तणाचे बी मरते, किडी आणि बुरशी हटतात. बायोचारचे काम निराळे. तो थंड झाल्यावर मातीत जातो आणि तिथे राहून काम करतो.

रोगाच्या बाबतीत कोळशाला महत्त्व आले ते २०१० साली. इस्रायलच्या व्होल्कानी संशोधन केंद्रातील यिगाल एलाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबूवर्गीय झाडांच्या लाकडाचा कोळसा मिरची आणि टोमॅटोच्या कुंड्यांत वजनाच्या १ ते ५ टक्के मिसळला. कोळसा होता मातीत आणि पानांवरची भुरी आणि करपणारी राखाडी बुरशी कमी झाली. पानाला तर कोळसा लागलाच नव्हता. म्हणजे मुळांच्या वाटेने झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी झाली होती. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रातून शतावरी वर्गातील भाजीवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेच पीक पुन्हा पुन्हा घेतल्याने जुन्या मुळांची विषारी द्रव्ये मातीत साठली होती आणि मूळकुज बळावली होती. कोळशाने ती द्रव्ये शोषून धरली, आणि मुळांना मदत करणारी चांगली बुरशी वाढली.

कोळशाच्या अंगी असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांत ओल धरते, अन्नद्रव्ये धरतात, उपयोगी जिवाणू आणि ट्रायकोडर्मासारख्या मित्र बुरशीला आसरा मिळतो. यातले काहीही कोळसा बुरशीला मारून करत नाही. फवारणीच्या औषधासारखा तो नाही. मुळांभोवतीची वस्ती तो बदलतो. वस्ती बदलायला वेळ लागतो, आणि ती बिघडूही शकते.

जास्त घातला म्हणजे जास्त गुण, असे नाही

बिघडते कशी, ते इस्रायलच्याच २०१४ सालच्या काकडीवरच्या प्रयोगात दिसले. रोपे कोलमडवणारी रायझोक्टोनिया सोलानी ही बुरशी कुंडीत सोडली होती. कोळसा १ टक्क्यापर्यंत होता तेव्हा रोग कमी झाला. ३ टक्के केला तेव्हा गुण गेला, काही ठिकाणी रोग उलट वाढला. भाजीत मीठ घालण्यासारखेच हे आहे.

दुसरे, यातले बहुतेक प्रयोग कुंडीतले आहेत. कुंडीत पाणी रोजचे असते, माती मोजलेली असते. आपल्या रानात पावसाचा खंड असतो, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. कुंडीतला गुण रानात तसाच्या तसा उतरतो असे धरून कर्ज काढणे शहाणपणाचे नाही.

तिसरे, आपली जमीन. २०१७ साली जगभरच्या प्रयोगांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. उष्ण प्रदेशात कोळशाने उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेले दिसले, थंड देशांत काहीच वाढले नाही. हा पंचवीस टक्क्यांचा आकडा तुम्हाला जाहिरातीत दिसेल. त्यामागचे कारण जाहिरातीत दिसणार नाही. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ जमिनी आम्ल असतात. कोळसा आणि त्यातली राख तिथे चुन्याचे काम करते. आपल्या काळ्या जमिनी आधीच विम्लतेकडे झुकलेल्या, सामू साधारण साडेसात ते साडेआठ. तिथे चुन्याची गरज नाही. म्हणून तो आकडा आपल्या सातबाऱ्यावर चढवता येत नाही. सामू साडेआठच्या वर असेल, जमीन चोपण असेल, तर राखाळ कोळसा घालूच नये.

चौथे, कोळसा विष शोषतो तसे औषधही शोषतो. पेरणीनंतर उगवणीपूर्वी जमिनीवर मारायच्या तणनाशकाचा जोर कोळशाच्या जमिनीत कमी पडतो. त्या औषधाचे पैसे फुकट जातात आणि निंदणीची मजुरी वाढते, ती वेगळीच.

एकराचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच थराचे वजन सुमारे ८०० टन भरते. कुंडीतला १ टक्का शेतभर आणायचा तर एकरी ८ टन कोळसा लागेल. कोळशाचा भाव किलोला १० रुपये धरू. एकराचे झाले ८० हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे दहा क्विंटल कापूस केवळ कोळशापायी गेला. कोरडवाहू एकरात ज्याच्या घरी दहा क्विंटल कापूस येतो त्याने बैठकीत हात वर करावा.

विकत नको, घरचा करू म्हटले तर? कोरडवाहू कपाशीची पऱ्हाटी एकरी टनभर धरा. चांगला भाजला तर वजनाचा चौथा हिस्सा कोळसा उरतो, म्हणजे अडीचशे किलो. आठ टन जमायला बत्तीस वर्षे लागतील. एक पिढी कोळसा भाजण्यात जाईल.

पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडता येतो. चार फूट बाय दीड फुटावर टोकलेल्या कपाशीत एकरी ७,२६० झाडे बसतात. अडीचशे किलो कोळसा त्यांच्यात वाटला तर झाडामागे सुमारे ३५ ग्रॅम येतो. साडेतीन किलो मातीत ३५ ग्रॅम म्हणजे बरोबर १ टक्का. साडेतीन किलो माती म्हणजे वीतभर रुंदीचा, पाच-सहा इंच खोल खड्डा. बत्तीस वर्षांचे काम एका वर्षात होते, फक्त शेतभर न फेकता बियाण्यापाशी घातले तर. ज्या एकराची पऱ्हाटी त्याच एकराला पुरते. बाहेरून एक किलोही आणावा लागत नाही.

यातही भ्रम नको. कपाशीचे मूळ लवकरच त्या खड्ड्याच्या बाहेर जाते. तेव्हा हा आधार रोपाच्या कोवळ्या वयापुरता आहे. रोप ठणठणीत निघाले, नांग्या कमी भराव्या लागल्या, तरी बियाण्याचे पैसे वाचतात. तेवढी अपेक्षा ठेवावी.

करायचा कसा

पहिला नियम: जे पेटवतोच तेवढेच भाजायचे. कडब्याला हात लावायचा नाही; तो बैलांचा घास आहे. पऱ्हाटी कुट्टी करून जमिनीत गाडत असाल किंवा तिचे कंपोस्ट करत असाल, तर ते चालू ठेवा. भाजल्याने नत्र आणि निम्म्याच्या आसपास कार्बन धुरात जातो, हे विसरू नका.

पऱ्हाटीचे एक विशेष आहे. तिच्यावर राहिलेल्या कवड्यांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून असते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते सांगायला नको. सरपणासाठी घरामागे रचलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या वर्षीच्या अळीचे पेव. फरदड न घेता डिसेंबरअखेर कपाशी काढली आणि वाळताच भाजली तर अळीही गेली, मुळांवरची बुरशीही गेली, कोळसाही हाती आला. आमच्या मते कोळशाचा सर्वांत खात्रीचा फायदा हाच आहे, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

भाजायला भट्टी लागतेच असे नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने लोखंडी ड्रमची साधी भट्टी तयार केली आहे. चार-सहा घरांत मिळून तशी एक करता येईल. नाहीतर चार-पाच फूट तोंडाचा, दोन-अडीच फूट खोल, उतरत्या बाजूंचा खड्डा खणावा. वारा नसताना, खडखडीत वाळलेल्या पऱ्हाटीने तळाशी जाळ करावा. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकावा. जाळ वर राहिला पाहिजे. तोच खालच्या कोळशाची हवा खातो आणि धूरही जाळतो. खड्डा भरत आला की पाणी मारून विझवावा. पाणी नसेल तर ओल्या मातीने पूर्ण झाकून दुसऱ्या दिवशी उघडावा. काळाभोर, हलका, ठिसूळ आणि हाताला तेलकट न लागणारा कोळसा चांगला. एक सूचना विसरू नका: विझलेला दिसणारा कोळसा रात्री पुन्हा पेटतो. दोन दिवस तरी तो कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात नेऊ नका.

कोरडा कोळसा तसाच जमिनीत घालू नये. तो भुकेला असतो, झाडाचे नत्र स्वतःच ओढून बसतो. ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक करून, पाणी शिंपडून, म्हणजे पूड नाकातोंडात जाणार नाही, तिप्पट-चौपट कुजलेल्या शेणखतात मिसळावा. शेणकाल्याने ओला ठेवून तीन आठवडे सावलीत मुरवावा. पेरणीच्या आठवडाभर आधी त्यात ट्रायकोडर्मा मिसळावा. बियाण्याला ट्रायकोडर्माची प्रक्रिया वेगळी करायचीच. कोळसा आहे म्हणून ती टाळू नये.

ज्वारीचे औषध ओल आहे

कपाशीला मूठभर घालता येतो तसा तिफणीने पेरलेल्या ज्वारीला घालता येत नाही. शिवाय खडखड्या कोवळेपणी मारत नाही. तो फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत, जमिनीतली ओल तुटली की उठतो. ताटाचे सगळे बळ कणसाकडे जात असते आणि मूळ उपाशी असते, तीच वेळ बुरशी साधते. कोळशाची कूज कोळशाने जाईल, अशा भाबड्या समजुतीत कोणी राहू नये. खडखड्यावर पहिला उपाय ओल.

त्यासाठी जे करायचे ते जुनेच आहे. पावसाळ्यात वाफे पाडून पाणी जिथल्या तिथे जिरवणे. रब्बीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान उरकणे. दाट पेरा टाळणे, युरियाचा हात आखडता ठेवणे. मालदांडीसारखी दुष्काळ सोसणारी जात भारी जमिनीत धरणे. आणि तीन कोळपण्या: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी कोळप्याने. त्या तिसऱ्या कोळपणीने भेगा बुजतात आणि दाणे भरण्यापुरती ओल राखली जाते. फुलोऱ्यात एक संरक्षक पाणी देता आले तर सोन्याहून पिवळे. हलक्या, मुरमाड रानात कोळसा-शेणखताने ओल थोडी जास्त टिकेल. भारी जमिनीत ती वाढ कमी. ज्वारीपुरता कोळशाचा वाटा एवढाच.

पऱ्हाटीचा भाव विचारा

शेवटी पैशाचे. जानेवारी २०२५ मध्ये गूगल कंपनीने वराह या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत १ लाख टन कर्बवायू मातीत कोंडल्याची पत विकत घेण्याचा करार जाहीर केला. तो कोळसा गुजरातेतल्या वेड्या बाभळीच्या लाकडाचा. अशी पत कपाशीच्या पऱ्हाटीवरही काढता येते. चांगल्या कोळशात सत्तर टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. त्या हिशेबाने एक टन कोळसा म्हणजे सुमारे अडीच टन कर्बवायू. तुमच्या एकराची पऱ्हाटी म्हणजे अर्ध्या टनाहून थोडा अधिक.

व्यापाराला आमचा विरोध नाही. घेणारा येत असेल तर यावा. पण कालपर्यंत कचरा म्हणून पेटवलेली पऱ्हाटी उद्या कोणाच्या तरी वहीत माल म्हणून चढणार असेल, तर तो माल आपला आहे. पऱ्हाटी उचलून नेणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. टनाला भाव काय? कोळसा माझ्या रानात परत येणार की नाही, आणि किती? पतीचे पैसे आले तर त्यात माझा वाटा कागदावर कुठे आहे? तिन्हींची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय अंगठा उठवू नका. शेत साफ करून देतो, हे उत्तर नव्हे. शेत साफ करायची मजुरी आणि मालाची किंमत या वेगळ्या रकमा आहेत.

या हंगामाचे काम

कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, आमच्याही. प्रत्येक तालुक्यातून पाच शेतकऱ्यांनी पुढे यावे. मागच्या वर्षी ज्या रानात मूळकुजीचे पट्टे पडले तेच रान निवडावे. चार ओळी नुसत्या शेणखताच्या, पुढच्या चार ओळी शेणखत आणि कोळशाच्या, असे आलटून पालटून तीन वेळा. शेणखत दोन्हीकडे सारखेच हवे, बियाणे एकच, ट्रायकोडर्मा दोन्हीकडे. नाहीतर गुण शेणखताचा आणि नाव कोळशाचे असे होईल. तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी दर शंभर झाडांत मेलेली किती ते मोजावे. मेलेले झाड उपटून मूळ पाहावे, साल सुटली की नाही ते लिहावे. प्रत्येक वेचणीचा कापूस दोन्हीकडचा वेगळा तोलावा. भाजणे, बारीक करणे, टोकणे यांत गेलेली मजुरी, घरच्या माणसांची सुद्धा, रोजाच्या दराने मांडावी. घरच्या घामाला शून्य किंमत लावून काढलेला फायदा हा फायदा नसतो.

कोळशाने मर कमी झाली तर तो आपल्याच पऱ्हाटीतून, आपल्याच खड्ड्यात तयार होतो. कोणाचे पेटंट नाही, कोणाची उधारी नाही. नाही कमी झाली, तर आपले नुकसान चार दिवसांच्या मजुरीचे. गोणीवाल्याच्या नादी लागलो असतो तर ऐंशी हजारांचे झाले असते. शेवटच्या वेचणीनंतरच्या जिल्हा बैठकीला वह्या घेऊन या. त्या वह्यांतले आकडे, मग ते कोणाच्याही बाजूचे निघोत, आम्ही याच पानावर जसेच्या तसे छापू.